एक घर उजवीकडे

आमच्या गणिताच्या बाईंनी गुणोत्तर श्रेढीचं, म्हणजे जिच्यात प्रत्येक पद मागच्या पदाला एकाच संख्येने गुणून येतं त्या रांगेचं, सूत्र तिसऱ्या तासापर्यंत फळ्यावर येऊच दिलं नाही. आज हाच भाग शिकवताना त्या उशिराचं मोल कळतं. म्हणून स्मरणिकेसाठी तो धडाच लिहून काढतो आहे.

पहिला तास निव्वळ भागाकाराचा. ५, ८, ११, १४ आणि ५, १०, २०, ४० या रांगा शेजारी शेजारी. एकीत लगतच्या पदांची वजाबाकी सारखी येते, दुसरीत भागाकार. हा भागाकार म्हणजेच गुणोत्तर. कुणाला कुणाने भागायचं, यावर बाईंचा सगळा जोर: नेहमी पुढच्या पदाला मागच्या पदाने. १६२, ५४, १८, ६ ही रांग दिली की निम्मा वर्ग गुणोत्तर ३ सांगतो, कारण मोठीला लहानीने भागायची हाताला सवय असते. खरं गुणोत्तर १/३. एकच जोडी तपासून थांबायचंही नाही. १, २, ४, ७ मध्ये पहिल्या दोन जोड्या फसवतात. टक्क्यांतही असाच घोळ होतो. किंमत दरवर्षी २० टक्क्यांनी घटत असेल तर गुणोत्तर ०.२ नव्हे, ०.८. काय गेलं ते नाही, काय उरलं ते बघायचं.

दुसऱ्या तासाला सात उभ्या रेघा आणि त्यांखाली ३, ६, १२, २४, ४८, ९६, १९२. लगतच्या दोन रेघांवर एकेक कमान, कमानीवर ‘गुणिले २’. रेघा सात, कमानी सहा. म्हणून सातवं पद म्हणजे ३ गुणिले २ चा ६ वा घात. ७ वा नव्हे. पद काढायच्या सूत्रात घात ‘पदाचा क्रमांक वजा एक’ असतो; हे ‘वजा एक’ नुसतं पाठ केलेलं असेल तर ते ऐन परीक्षेत निसटतं. कमानी मोजणाऱ्याचं सहसा चुकत नाही. घात फक्त २ चा आहे, हेही इथेच पक्कं करावं लागतं, नाहीतर ‘३ गुणिले २ चा ४ था घात’ याचं ४८ ऐवजी ६ चा ४ था घात, म्हणजे १२९६ होतं.

याच चित्रावर उलटं उदाहरण सुटतं. तिसरं पद १२, सातवं १९२. मधल्या कमानी चार, १९२ भागिले १२ बरोबर १६, म्हणून गुणोत्तराचा ४ था घात १६. इथे २ लिहून मुलं पेन खाली ठेवतात. पण −२ सुद्धा चालतं: ३, −६, १२, −२४, ४८, −९६, १९२. मधल्या कमानी विषम असत्या तर ही दुसरी वाट नसती.

मग तिसऱ्या तासाला बेरीज. माझ्या मते सगळ्या धड्याचा जीव इथे आहे.

बेरीज = ३ + ६ + १२ + २४ + ४८
दुप्पट = ६ + १२ + २४ + ४८ + ९६

दुसरी ओळ एक घर उजवीकडे सरकवून लिहायची: ६ खाली ६, १२ खाली १२, आणि ९६ एकटं बाहेर. ओळ न सरकवता लिहिली तर ३ खाली ६ येतं, काय कटतं ते दिसतच नाही, आणि सूत्र मुलांना आकाशातून पडल्यासारखं वाटतं. सरकवल्यावर खालच्या ओळीतून वरची वजा करा: ९६ − ३ = ९३. दुपटीतून एकपट गेली, म्हणजे डावीकडे बेरजेची ‘गुणोत्तर वजा १’ पट उरली; बेरजेच्या सूत्राच्या छेदात ‘गुणोत्तर वजा १’ का येतं, तेही इथेच कळतं. गुणोत्तर १ असेल तर तो छेद शून्य होतो. तिथे पदसंख्येने पहिल्या पदाला गुणलं की झालं.

मोठे घात काढायला बाई भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’कडे जात. पहिल्या दिवशी २ कवड्या, रोज दुप्पट, ३० दिवसांचं एकूण दान किती? पदसंख्या सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहायचं, विषम असेल तर एक कमी करून ‘गुण’. ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, ० असं उतरायचं आणि ‘गुण’ असेल तिथे २ ने गुणत, ‘वर्ग’ असेल तिथे वर्ग करत खालून वर चढायचं: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७,३७,४१,८२४. हा २ चा ३० वा घात; एकोणतीस गुणाकारांचं काम सात पायऱ्यांत. त्यातून १ वजा करून २ ने गुणलं की उत्तर २१४,७४,८३,६४६ कवड्या.

शेवटी अनंत पदं. १/२ + १/४ + १/८ + … ही ओळ निम्मी करून एक घर सरकवली तर उजवीकडे बाहेर काहीच उरत नाही. वजा केल्यावर निम्मी बेरीज १/२, म्हणून पूर्ण बेरीज १. युक्ती एवढी गोड की मुलं ती लगेच १ + २ + ४ + ८ + … ला लावतात आणि −१ मिळवतात. त्या −१ वर बाई अर्धा तास घालवत. पहिल्या श्रेढीत दहावं पदच १/१०२४ असतं, पुढे शून्याकडेच जातं, म्हणून बाहेर उरणारं पद सोडून देता येतं. दुसरीत तेच पद वाढत जातं. सोडून द्यायचं तर गुणोत्तर −१ आणि १ यांच्या मध्येच हवं.