डाव्या पायातली चप्पल

मी पुण्यातल्या एका मधुमेही पाद-चिकित्सालयात पादत्राणे बेतण्याचे काम करते. पायाचे माप घेणे, चालताना दाब कुठे येतो ते पाहणे, तळ आणि पट्टे ठरवणे आणि तयार झालेली चप्पल रुग्णाच्या पायात नीट बसते की नाही याची खात्री करणे, एवढे माझे क्षेत्र आहे. जखम झाली तर ती डॉक्टरांनी पाहायची. या कामाला आता सोळा वर्षे झाली आणि हजारो पाय हाताखालून गेले, तरी डिसेंबर २०२२ मधल्या एका शनिवारने माझी काम करण्याची पद्धतच बदलली.

तो सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा आठवडा होता. करोनामुळे आधीची दोन वर्षे महोत्सव झाला नव्हता, त्यामुळे जुने श्रोते मोठ्या ओढीने मुकुंदनगरच्या मैदानाकडे निघाले होते. आमच्याकडे येणारे बरेचसे रुग्ण साठीच्या पुढचे आणि त्यांतले कितीतरी गाणे ऐकणारे, म्हणून त्या दिवसांत खुर्चीत बसावे की भारतीय बैठकीत, बूट घालावेत की चपला, असे प्रश्न आम्हाला रोज ऐकू येत. ज्यांनी विचारले त्यांना आम्ही नीट उत्तर दिले. त्या शनिवारी आलेल्या काकांनी मात्र विचारले नव्हते, कारण विचारण्यासारखे काही आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

सकाळी दहाच्या सुमारास ते पत्नीसह आले. सत्तरीला आलेले, मधुमेहाला वीस वर्षे झालेली, आणि १९७८ पासून महोत्सव झाला त्या प्रत्येक वर्षी बैठकीत बसून ऐकलेले. काकूंनी कापडी पिशवीतून कोल्हापुरी चपला काढल्या आणि माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवल्या. "ताई, ह्यातली उजवी ह्यांची आहे. डावी कुणाची आहे ते आम्हाला माहीत नाही," असे त्या म्हणाल्या.

घडले ते असे. शुक्रवारी रात्री कार्यक्रम संपल्यावर बैठकीच्या कडेला काढून ठेवलेल्या शेकडो चपलांतून काकांनी आपली जोडी शोधली. उजेड कमी, गर्दी घाईत, आणि एकाच रंगाच्या कोल्हापुरी चपला सगळ्या सारख्याच दिसतात. उजव्या पायात त्यांची स्वतःची चप्पल गेली आणि डाव्या पायात दुसऱ्या कुणाची तरी, एका नंबराने लहान. एका नंबराचा फरक म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. ज्याच्या पायाला संवेदना आहे असा कोणीही माणूस दोन पावलांत थांबला असता. काका मंडपापासून फाटकापर्यंत आणि तिथून रिक्षा मिळेपर्यंत चालले, घराचे तीन जिने चढले, चपला दारात काढल्या आणि झोपले. सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर उमटलेले तपकिरी डाग काकूंना दिसले, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. तोवर काकांना काहीच दुखले नव्हते.

डॉक्टरांनी पाय पाहिला. कोल्हापुरीत चामड्याच्या ज्या वळशात पायाचा अंगठा अडकवतात, त्याने अंगठ्याच्या मुळाशी फोड आणला होता, तो फुटून सोलवटला होता, आणि वळशाच्या आतल्या बाजूला रक्त वाळून चिकटले होते. टाच चपलेच्या मागे बोटभर बाहेर राहिल्यामुळे तिच्या काठाला तळाची कड रुतून लाल रेघ पडली होती. पावलावरची आणि घोट्यामागची, अशा दोन्ही नाड्या बोटांना लागत होत्या, लाली आजूबाजूला पसरलेली नव्हती, वास नव्हता. हे सगळे चांगले लक्षण होते आणि त्याने माझा जीव थोडा खाली बसला.

मग संवेदनेची तपासणी झाली. तिची साधने अगदी साधी असतात. पहिले म्हणजे १० ग्रॅमचा दाब पडताच वाकणारा नायलॉनचा धागा. काकांना डोळे मिटायला सांगून तो दोन्ही तळव्यांवर जागोजागी टेकवला. टाचेजवळ एकदा सोडले तर त्यांनी कुठेच 'हो' म्हटले नाही. दुसरे साधन म्हणजे १२८ हर्ट्झचा स्वरकाटा. तो आपटून त्याचा बुंधा अंगठ्याच्या टोकाजवळच्या हाडावर टेकवतात आणि कंप जाणवतो का, जाणवत असेल तर तो कधी थांबला, हे रुग्णाला विचारतात. काकांना अंगठ्यावर काही जाणवले नाही. घोट्याच्या हाडावर नाही. नडगीवर 'थोडंसं' म्हणाले. मनगटावर मात्र लगेच मान हलवली.

काटा अजून हलत होता. काकांनी डॉक्टरांना तो आपल्या कानाशी धरायला सांगितले. क्षणभर ऐकून ते म्हणाले, "पांढरी एक आहे. पण जरा उतरलेली."

हे बरोबर होते. हार्मोनियमची खालच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, म्हणजेच पांढरी एक, सुमारे १३०.८ हर्ट्झची असते, म्हणजे आमचा काटा तिच्यापेक्षा थोडा खाली बोलतो. पन्नास वर्षे कान तयार केलेल्या त्या माणसाला जेमतेम तीन हर्ट्झचा फरक कानाने कळला आणि तोच कंप अंगठ्याच्या हाडावर असताना काही म्हणजे काही कळले नाही. खोलीत कोणी बोलले नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी माप घेण्याच्या पट्टीकडे पाहत राहिले, कारण त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट आली होती: इतकी वर्षे मी चप्पल पायात घालून झाली की सर्वांत आधी 'कुठे लागते का?' असे विचारत आले होते, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांच्या बाबतीत त्या प्रश्नाच्या उत्तराला काही किंमतच नव्हती.

मधुमेहात शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू आधी दुबळे होतात, म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून वर चढत येतो. तो इतका हळू येतो की माणसाला आपले काही हरवले असे वाटत नाही. उलट पूर्वी चावणाऱ्या चपला आता चावत नाहीत, याचे समाधान वाटते. काकांनीही ते बोलून दाखवले होते. नव्या कोल्हापुरीला पूर्वी आठवडाभर तेल चोळावे लागायचे, आता पहिल्या दिवसापासून ती मऊच लागते, असे ते म्हणाले. कोल्हापुरी हे मोठ्या कारागिरीचे पादत्राण आहे, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि शाबूत पायाने ती खुशाल वापरावी असे मी सांगते. पण जाड कातड्याचा कडक तळ, अंगठ्यावरचा वळसा आणि मागे पट्टा नसणे ही तिची घडण पायाच्या तक्रारीवर विसंबून असते. पाय कुरकुरतो, आपण तेल लावतो, चप्पल सैलावते. पाय गप्प असेल तर हा व्यवहारच होत नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, एका रुग्णाची नात सोबत आली होती. ती उभ्याने ऐकायच्या, दिवसभर चालणाऱ्या एका उघड्यावरच्या मैफलीला नवे कोरे बूट घालून गेली होती आणि तासाभरात टाचा सोलवटल्यावर बूट हातात घेऊन बाकीचा दिवस अनवाणी फिरली होती. तिला मी सांगितले ते असे, की मैदानावर खडी, खिळे आणि तारा असतात, गर्दीत दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडतो, तेव्हा बोटे झाकणारा आणि दोन-तीन आठवडे वापरून अंगवळणी पडलेला बूटच न्यावा आणि तो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना विकत घ्यावा. तिचे काम तेवढ्यावर भागले. तिच्या टाचांनी तिला तासाभरात सावध केले होते.

काकांसाठी सगळे हिशेब वेगळे होते. डॉक्टरांनी जखम सलाइनने धुऊन पट्टी बांधली आणि शनिवारची रात्र पाय उशीवर ठेवून घरी घालवायला सांगितले. काकांनी वाद घातला, मग विनवणी केली. त्या रात्री गाणे उशिरापर्यंत चालते आणि त्यांनी महोत्सवातला शनिवार आजवर चुकवलेला नव्हता. डॉक्टर बधल्या नाहीत. रविवारी सकाळी जखम पाहून मग ठरवू, एवढेच त्या म्हणाल्या.

माझ्या हातात दुपार होती. मी काकांना कागदावर उभे करून पट्टीसकट पायाची आखणी केली, कारण पाय बसून मापला तर आखूड आणि अरुंद येतो. मग ती डावी कोल्हापुरी त्या आखणीवर ठेवून दाखवली. चारी बाजूंनी पाय चपलेबाहेर दिसत होता. काकांनी चष्मा वर करून तो कागद बराच वेळ पाहिला. पायाने जे सांगायला हवे होते ते त्यांना डोळ्यांनी दिसत होते.

तयार सँडल्समधून मी एक रुंद जोडी काढली. पायाच्या लांबीपेक्षा आतून सेंटीमीटरभर तरी जास्त जागा, अंगठ्याला वळसा नाही, पुढे दोन आणि टाचेमागे एक असे चिकटपट्टीचे पट्टे, आत मऊ अस्तर, आणि तळात एमसीआर नावाचे सूक्ष्म छिद्रांचे रबर, जे बोटाने दाबले की दबते आणि सोडले की वर येते. भारतात या रबराच्या चपला आधी कुष्ठरोग्यांसाठी रुळल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी ती जातात. आमचे सगळे काम त्या एका निरीक्षणावर उभे आहे. जखमेवर येणारा पट्टा मी उसवून मागे सरकवला आणि तळातही तेवढ्या भागाखाली खोलगट जागा केली.

रविवारी सकाळी जखम कोरडी होती. डॉक्टरांनी तीन तासांची परवानगी दिली आणि मी काकूंना बाकीचे समजावले. रिक्षा फाटकापर्यंत न्यायची. बसायचे खुर्चीतच, मांडी घातली की बाहेरचा घोटा तासन्तास जमिनीवर दाबला जातो, आणि काकांच्या दोन्ही घोट्यांवर जुने घट्टे होतेच. सँडल मंडपात कुठेही काढायची नाही, मोज्यांवरसुद्धा चालायचे नाही. मोजे शिवण बाहेर येईल असे उलटे घालायचे. पाय घालण्यापूर्वी सँडलमध्ये हात फिरवायचा, कारण एवढासा खडाही त्यांना कळणार नाही. काकूंनी हे सगळे एका चिठ्ठीवर लिहून घेतले. ती परकी डावी चप्पलही त्यांनी बरोबर नेली आणि काकांनी शुक्रवारी जिथे काढली होती त्या जागी ठेवली. निघताना ती तिथे नव्हती. काकांची स्वतःची डावी मात्र मिळाली नाही.

जखम भरायला पाच आठवडे लागले. जानेवारीच्या अखेरीस मी त्यांना मापाची नवी जोडी घालून दिली आणि सवयीने तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. त्याऐवजी त्यांना पंधरा मिनिटे बाहेरच्या गल्लीत चालून यायला सांगितले, आणि ते परत आल्यावर सँडल्स काढून आम्ही तिघांनी वाकून पाय पाहिले. डाव्या करंगळीच्या मुळाशी पट्ट्याची फिकट गुलाबी रेघ होती. ती काकूंना आधी दिसली. मी तो पट्टा उसवून तीन मिलिमीटर बाहेर घेतला आणि काकांना पुन्हा गल्लीत पाठवले.