बिदो यांचे दोन ४ मार्च

दुसरे महायुद्ध संपता संपताच फ्रान्सला सोव्हिएत विस्ताराची धास्ती वाटू लागली, असे मी बरीच वर्षे समजत होतो. तारखा क्रमाने लावून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की पॅरिसला आधी भीती होती ती जर्मनीची. सत्तर वर्षांत तीनदा जर्मन सैन्य आपल्या भूमीवर पाहिलेल्या देशाला दुसरे काय सुचणार? डिसेंबर १९४४ मध्ये फ्रान्सचे तत्कालीन सरकारप्रमुख द गॉल यांनी मॉस्कोला जाऊन स्टालिनशी करार केला तो याच भीतीपोटी. आणि ४ मार्च १९४७ रोजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज बिदो यांनी डंकर्क येथे ब्रिटनशी केलेला करारही जर्मन आक्रमणाविरुद्धच होता.

त्यानंतर आठवड्याभरातच मॉस्कोत चार राष्ट्रांच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद सुरू झाली. जर्मनीच्या सार या प्रदेशातला कोळसा फ्रान्सला हवा होता. तो प्रदेश आर्थिकदृष्ट्या फ्रान्सला जोडण्याच्या मागणीला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी पाठिंबा दिला नाही. पूर्व आणि पश्चिम यांच्यात मध्यस्थ राहण्याचे फ्रेंच धोरण माझ्या मते तिथेच कोलमडले. बिदो यांना मात्र हे उघडपणे बोलता येण्यासारखे नव्हते, कारण नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट हाच सर्वांत मोठा पक्ष ठरला होता आणि त्याचे मंत्री त्यांच्याच मंत्रिमंडळात बसत होते. मे १९४७ मध्ये पंतप्रधान रामादिए यांनी या कम्युनिस्ट मंत्र्यांना मंत्रिमंडळातून दूर केले. वर्षअखेरीस देशभर संपांची लाट उसळली, तेव्हा धोका सीमेपलीकडे आहे की घरातच, हा प्रश्न फ्रेंच नेत्यांना खरोखर छळत होता.

फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली. डंकर्कला बरोबर एक वर्ष होत असताना, ४ मार्च १९४८ रोजी, बिदो यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांना पत्र लिहून राजकीय आणि लष्करी सहकार्य मागितले. १७ मार्चला पाच देशांचा ब्रसेल्स करार झाला. त्यातले परस्पर संरक्षणाचे कलम युरोपातील कोणत्याही सशस्त्र हल्ल्याला लागू होते, तरीही जर्मनीच्या नव्या आक्रमणाचा उल्लेख त्यात राहिलाच. मला हा करार महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की जुनी भीती न सोडता फ्रान्सने नवी भीती पत्करल्याचे त्यात स्पष्ट दिसते.

पश्चिम जर्मन राज्य उभारण्याच्या लंडन शिफारशी जूनमध्ये फ्रेंच संसदेने मोजक्या मतांच्या फरकाने मान्य केल्या. पुढच्याच महिन्यात नवे मंत्रिमंडळ आले आणि परराष्ट्र खाते बिदो यांच्याकडून रोबेर शूमान यांच्याकडे गेले.