फायनलच्या रात्री आलेली बातमी

१९ नोव्हेंबर २०२३, माझी नाईट. अहमदाबादला आपण वर्ल्डकपची फायनल हरलो तीच रात्र, न्यूज डेस्कवर नुसतं सुतक. वेबसाईटवर वरपासून खालपर्यंत ट्रॅव्हिस हेडचे १३७ आणि रोहितचे भरलेले डोळे. त्यात एकच्या सुमारास फ्लॅश पडला, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर गेल्या, वय ९६. शिफ्ट इनचार्ज मान वर न करता म्हणाले, "दोन पॅरा टाक. जिमी कार्टर यांना पत्नीशोक."

पत्नीशोक! म्हणजे गेली ती बाई आणि हेडिंगमध्ये तिचं नावच नाही. टाकली तशीच, काय करणार. पण सकाळसाठी मोठी स्टोरी करते म्हटलं आणि वाचत बसले, कारण खरं सांगते, मलाही फर्स्ट लेडी यापलीकडे काही माहीत नव्हतं.

जिमी १९७१ ते ७५ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर होते. ते पद सुटल्यावर नवरा प्रेसिडेंटच्या निवडणुकीला उभा, तर ही बाई मैत्रिणीला घेऊन गाडीने फ्लोरिडात प्रचाराला निघाली. गावात शिरलं की रेडिओचा टॉवर शोधायचा, सरळ स्टेशनात जायचं आणि माझी मुलाखत घ्या म्हणायचं. लोक विचारायचे, प्रेसिडेंट? कशाचा? मुलाखत घेणाऱ्यालाही काय विचारावं सुचायचं नाही म्हणून प्रश्नांची यादी हिनेच लिहून ठेवलेली. (आमच्याकडे नेत्यांचे पीए असे प्रश्न पाठवतात तेव्हा डोक्यात जातं, इथे मात्र हसू आलं.)

पण मी अडकले ती आधीच्या एका प्रसंगापाशी, गव्हर्नरच्या निवडणुकीतल्या. त्या स्वतः सांगायच्या. पहाटे साडेचार, कापडगिरणीचं गेट, रातपाळी सुटलेली, अंगभर कापसाचं पिंज लागलेली एक वयस्कर बाई बाहेर आली. आता घरी जाऊन झोपणार ना, असं यांनी विचारलं. ती म्हणाली झोप कसली, मुलगी मनोरुग्ण आहे, नवरा दिवसा कामाला जातो तेव्हा तिच्याजवळ मलाच बसावं लागतं. माझे आजोबा परळला गिरणीत होते, आजी सांगायची, रातपाळीहून आले की आधी मोरीत उभे राहून कपडे झटकायचे. स्क्रीनवरून नजर हटेना माझी.

त्याच दिवशी जिमीच्या सभेत रोझलिन लोकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्याने न बघताच हात हातात घेतला, तर समोर बायको! गव्हर्नर झालास तर मनोरुग्णांसाठी काय करणार, बोल. निवडून आल्यावर त्याने आयोग नेमला, त्यावर याही होत्या, आणि हा विषय मग आयुष्यभर सोडला नाही.

साडेचारला मी कोणाला न विचारता 'पत्नीशोक' काढून रोझलिन कार्टर हे नाव टाकलं.

सहाला मॉर्निंगचा सबएडिटर आला, स्टोरी वाचून म्हणाला, "अगं, यांची सासू आमच्या विक्रोळीत होती की! पीस कोअरची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी स्वयंसेवक संस्थेची नर्स, १९६६ ते ६८." खरंच होतं, तीही ओळ जोडली.

व्ह्यूज? हेडच्या रनांपेक्षा थोडे जास्त.