टर्नआउट

दादर स्थानकाबाहेरच्या पदपथावर हिरव्या-मातकट ठिपक्यांच्या, लष्करी वाटाव्यात अशा पँटी दोरीला टांगून विकायला ठेवलेल्या असतात. माझे वडील, ज्यांना घरात आणि बाहेरही सगळे अण्णा म्हणतात, त्या दोरीपाशी आले की त्यांची चाल मंदावते. ते शिवण बोटांनी चाचपतात, खिशाची झडप उलटून पाहतात आणि विक्रेता 'काका, तीनशेला घ्या, शेवटचा भाव' असे म्हणेपर्यंत पुढे निघून गेलेले असतात. एकदा मी माझे ज्ञान पाजळले. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने सैनिकाचा पोशाख घालणे हा गुन्हा आहे, जुन्या दंडसंहितेत त्यासाठी 140वे कलम होते, आता भारतीय न्याय संहितेत ते 168वे झाले आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, असे मी त्यांना सांगितले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "कायद्याचं राहू दे. खाली चप्पल घालतात त्याचं काय?"

अण्णा 1978 साली खटाव तालुक्यातून बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि 2002 साली नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन भांडुपला आले. फौज सुटली, पहाटे साडेचारचे उठणे हळूहळू साडेपाचवर आले, परंतु समोरच्या माणसाला पायांकडून डोक्याकडे वाचत नेण्याची सवय मात्र सुटली नाही. आपण माणसाचा चेहरा आधी पाहतो. अण्णा आधी बूट पाहतात, मग पँटची घडी, मग पट्ट्याचे बक्कल, मग शर्टाची बटणे, आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचतात तोवर त्यांचे मत बनलेले असते. या सगळ्याला त्यांच्याकडे एकच शब्द आहे, टर्नआउट. जावई पाहायला गेले तेव्हाही परत आल्यावर आईने 'कसा वाटला मुलगा?' असे विचारले, तर उत्तर आले, "टर्नआउट ठीक आहे." माझ्या बहिणीचे लग्न त्या तीन शब्दांवर ठरले असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईसारख्या शहरात अशा माणसाचे फार हाल होतात, कारण येथे गणवेशांना तोटा नाही आणि त्यांपैकी निम्मे तरी फौजेची नक्कल करणारे आहेत. सोसायटीचा वॉचमन, एटीएमबाहेरचा रखवालदार, मॉलच्या दारात पिशव्या तपासणारा मुलगा, या सर्वांच्या खांद्यांवर काही ना काही चकाकत असते. एका वरातीत बँडवाल्याच्या खांद्यावर सिंह आणि बाहीवर तीन फिती पाहून अण्णा गंभीर आवाजात मला म्हणाले होते, "हा माणूस एकाच वेळी मेजर पण आहे आणि हवालदार पण." आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या खांद्यावरून खिशात गेलेली लाल दोरी, जिला फौजेत लॅनयार्ड म्हणतात, ती तर त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत असे. एकेकाळी त्या दोरीच्या टोकाला शिट्टी किंवा चाकू बांधलेला असायचा. पुढे शिट्टी गेली, दोरी शोभेपुरती उरली आणि तिचा रंग व खांदा पाहून पलटण ओळखण्याची रीत पडली. आमच्या वॉचमनची दोरी सोमवारी डाव्या खांद्यावर असे आणि गुरुवारी उजव्या. अखेर एका संध्याकाळी अण्णांनी त्याला खाली खुर्चीवर बसवून ती दोरी कशी घालायची ते अर्धा तास शिकवले. त्यानंतर तो अण्णांना सलाम करू लागला आणि आमचे दूधवाल्याशी भांडण झाले तेव्हा आमच्या बाजूने बोलला.

गणवेश सगळ्यांना सारखे करण्यासाठी असतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. पण अण्णांच्या सहवासात माझ्या लक्षात आले, की पांढऱ्या भिंतीवर मुंगी जशी चटकन दिसते तसा सगळ्यांनी सारखे घातले की गव्हाएवढा फरकही उठून दिसतो. दोन अनोळखी सैनिक समोरासमोर आले की एकमेकांना नाव विचारण्याआधी बरेच काही वाचून मोकळे झालेले असतात. बेरे, म्हणजे फौजेतली मऊ गोल टोपी, मरून असेल तर पॅराशूटवाला, काळी असेल तर रणगाड्यांचा, लालभडक असेल तर मिलिटरी पोलीस आणि मग आपलीच बटणे आधी चाचपायची. छातीवरच्या रंगीत पट्ट्या म्हणजे तर माणसाचा सातबाराच असतो. कुठे राहिला, किती वर्षे राहिला, कोणत्या लढाईत होता, हे त्या बोटभर रुंदीत क्रमाने मांडलेले असते आणि तो क्रमही ज्याने त्याने ठरवायचा नसतो. परमवीर चक्राची पट्टी साधी जांभळी असते, तिच्यावर रेघसुद्धा नसते. ते पदक ज्यांनी रेखाटले त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय आणि लग्नाने मराठी घरातल्या, हे सांगताना अण्णांचा आवाज थोडा वर चढतो. "ती जांभळी दिसली," ते म्हणतात, "की बाकीची छाती बघायची नसते. टाच जुळवायची."

मला गंमत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. खाकी कापड जन्माला आले ते दिसू नये म्हणून. 1846 साली पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने लालबुंद डगल्यांऐवजी मातकट कपडे घेतले, कारण त्या धुळीच्या मुलखात लाल माणूस दुरून टिपता येत होता. फारसीतला 'खाक' म्हणजे धूळ, आणि आपल्याकडे घर जळून जे होते तेही खाकच. स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेने खाकी सोडून हिरवा रंग घेतला, तोही झाडाझुडपांत मिसळून जाण्यासाठी. अशा या लपण्यासाठी बनलेल्या कपड्याला छावणीत आणून खळ द्यायची, इतकी कडक इस्त्री करायची की बाहीची धार लागावी, बक्कल ब्रासोने घासायचे, बुटाच्या टोकात तोंड दिसेपर्यंत पॉलिश घोटायचे, आणि मग ज्याचे जास्त चमकते तो चांगला सैनिक ठरवायचा, यात काहीतरी उफराटे आहे असे मी अण्णांना म्हणालो. ते म्हणाले, "बक्कल रोज घासणारा रायफलपण रोज साफ करतो." मी गप्प बसलो, कारण युक्तिवाद बिनतोड नसला तरी सांगणारा माणूस तसा होता.

त्यांच्या आयुष्यातला एक मोठा सन्मान, ज्याची पट्टी मिळत नाही, तो म्हणजे स्टिक ऑर्डर्ली होणे. संध्याकाळी गार्ड बदलताना गरजेपेक्षा एक माणूस जास्त उभा करायचा, सगळ्यांची तपासणी करायची आणि ज्याचा टर्नआउट सर्वांत उत्तम त्याला रात्रीच्या पहाऱ्यातून सुटका द्यायची, अशी ती पद्धत होती. अण्णांची पाळी असेल तेव्हा पँटची घडी गुडघ्यात मोडू नये म्हणून दोन मित्र त्यांना काखेत धरून, बाहुलीसारखे ताठच्या ताठ, बरॅकपासून मैदानापर्यंत उचलून नेत. एका रात्रीच्या झोपेसाठी तिघांनी केलेला तो खटाटोप ऐकताना आम्ही पोरे हसून लोळत असू, आणि अण्णा मात्र प्रत्येक वेळी शेवटी तितक्याच अभिमानाने सांगत, "चार वेळा. ओळीने."

अशा माणसाच्या हाताखाली, ते हवालदार असताना, एक जवान आला होता ज्याला सगळी प्लाटून 'तंबू' म्हणत असे. तो ठेंगणा आणि बारीक होता, आणि स्टोअरमधून मिळालेला कोणताही शर्ट त्याच्या अंगावर चढला की खुंट्या उपटलेल्या राहुटीसारखा लोंबत असे. शिंप्याने दोनदा आत घेतला तरी काखेतून वारा खेळायचा. बेरेला आकार आणण्यासाठी इतर जण ती गरम पाण्यात बुडवून, डोक्यावर ओलीच दाबून बसवत. तंबूची बेरे मात्र काही केले तरी घावनासारखी पसरायची. त्यातून डाव्या खिशाचे बटण नेहमी उघडे, कारण त्या खिशात तो शेंगदाणे ठेवत असे. अण्णांनी त्याला त्यासाठी किती वेळा पाठीवर पिठ्ठू बांधून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या याची गणती नाही. "मला वाटायचं, ज्याला बटण लावायचं कळत नाही त्याला काय कळणार," अण्णा म्हणतात आणि पुढे काही बोलत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनीच मिळाली आहे.

त्यातला मोठा तुकडा सियाचिनचा आहे. 1984 सालच्या ऑपरेशन मेघदूतपासून आपली फौज तेथे आहे, चौक्या पाच-सहा हजार मीटर उंचीवर आहेत आणि हिवाळ्यात पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो, हे आपल्याला वाचून माहीत असते. अण्णांना तेथले आठवते ते वेगळेच. अंगावर एकावर एक इतके थर चढवायचे, वर पांढरा फुगीर पोशाख, डोळ्यांवर गॉगल, वाढलेली दाढी, केरोसीनच्या शेगडीने काळवंडलेले तोंड. कोण हवालदार आणि कोण शिपाई हे दहा पावलांवरून कळत नसे. न इस्त्री, न पॉलिश, न बक्कल. "वर सगळेच तंबू," अण्णा एकदा हसत म्हणाले होते. आणि मग, हसणे ओसरल्यावर, जरा वेळाने: "मोजे तो वाळवायचा. सगळ्यांचे." ओला मोजा पायात राहिला तर बोटे जातात. शेगडीवर मोजा करपतो, बाहेर टांगला तर लाकडासारखा होतो. तंबू ते मोजे शर्टाच्या आत, आपल्या छातीशी धरून रात्रभर वाळवत असे आणि सकाळी ज्याचे त्याला देत असे. त्याच्या ढगळ शर्टात चार जोड सहज मावत. त्या मुक्कामात प्लाटूनमधल्या कोणाच्याही पायाचे बोट गेले नाही. खाली आल्यावर पुढच्याच परेडला अण्णांनी त्याला पुन्हा बटणासाठी पळवले, हेही त्यांनीच सांगितले आणि त्याचे स्पष्टीकरण दिले नाही.

अलीकडे फौजेचे कपडे बदलू लागले आणि अण्णांच्या पायांखालची जमीन थोडी हलली. 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनाच्या संचलनात नवा लढाऊ गणवेश दिसला. ठिपके चौकोनी, कापड हलके, त्याच्या रचनेत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा हात होता, आणि बाजारात सरसकट नकला होऊ नयेत म्हणून पुढे त्या नमुन्याची नोंदणीही करण्यात आली. अण्णांनी टीव्हीसमोर चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला होता, कारण जवानांचे शर्ट पँटच्या बाहेर होते. शर्ट बाहेर! मग 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्याहून वरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला, मग ते मूळचे कोणत्याही रेजिमेंटचे असोत. बेरे, खांद्यावरची चिन्हे, बक्कल, बूट सारखे आणि लॅनयार्ड नाही. मला वाटले, आता ते चिडतील. परंतु हा निर्णय त्यांना पटला. "इतक्या वरच्या माणसाकडे बघून तो कुणाचा हे कळता कामा नये," ते म्हणाले. आयुष्यभर माणूस कुणाचा हे वाचत आलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकून मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

मागच्या डिसेंबरात माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचा स्वागत समारंभ दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात होता आणि अण्णा हट्टाने ब्लेझर घालून आले होते. दारात एक दरबान उभा होता. तुरेदार फेटा, गळ्यापर्यंत बटणांचा लाल डगला, दोन्ही खांद्यांवर झुलणाऱ्या सोनेरी झालरी, दोन्ही बाजूंना एकेक लॅनयार्ड, आणि छातीवर कोणत्याही देशाने कधीही न दिलेली सहा पदके. अण्णा बुटांपासून सुरुवात करून वर निघालेले मला दिसले आणि मी मनातल्या मनात त्यांची माफी मागून ठेवली. बूट लखलखीत होते. पँटची घडी सरळ होती. डगला अंगावर असा बसला होता की मोजून शिवलेला असावा. अण्णा चेहऱ्यापर्यंत पोहोचले आणि थांबले.

दरबानाने टाच जुळवली. गाड्या येत होत्या, मागची माणसे खोळंबली होती, एक बाई 'एक्सक्यूज मी' म्हणत बाजूने आत गेली.

"राम राम, साब," तो म्हणाला. मग ओठ न हलवता, नजर समोर ठेवून, "आज तरी पास का?"

अण्णांनी एक पाऊल मागे जाऊन त्याला पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले, या वेळी चेहऱ्यापासून सुरुवात करून. सहा पदकांवर त्यांची नजर जराही अडखळली नाही. मग ते पुढे झाले, हात उचलला आणि त्याच्या डाव्या खिशाचे सोनेरी बटण लावले. खिशात काहीतरी कुरकुरले. शेंगदाणेच असावेत.