पाणी मागे, भोक पुढे

पावसाळा लागला की आमच्या देवास नाक्यावरच्या वर्कशॉपात बंद बॉडीचे ट्रेलर येऊन उभे राहतात आणि बहुतेकांची फर्माईश तीच, छताला सिलिकॉन मारून द्या. परवा शेव-नमकीनचे कार्टन वाहणारा एक आला, मागच्या डाव्या कोपऱ्यातला माल दर पावसात भिजायचा. मालक आपलेच, रामबागेतले काका. म्हणाले, "सगळं करून झालं रे, दाराचं रबर नवं टाकलं, छत रंगवलं, तरी तेच."

ड्रायव्हर जाता जाता बोलला की भाऊ, ब्रेक मारला की इंडिकेटरपण मिणमिणतो. काका म्हणाले ती वायरिंगची भानगड वेगळी, ते जाऊ दे. पण मला तिथेच डाउट आला, कारण असं झालं की बहुतेक मागच्या लाइटची अर्थिंग गेलेली असते, करंटला चेसिसमधून परतायला रस्ता नसला की तो दुसऱ्या बल्बमधून घुसतो. अर्थिंगचा बोल्ट शोधला तर नेमका त्याच डाव्या कोपऱ्याखाली, गंजून पार बसलेला, म्हणजे पाणी तिथेच साचत होतं.

भोक असेल तर उजेड दिसेल म्हणून दारं लावून आत उभा राहिलो, पण उजेडाचा ठिपका कुठेच नाही. मग पाइप लावला, पण खालून वर, कारण वरून पाणी सोडलं की सगळंच ओलं होतं अन् घंटा काही कळत नाही. पोरगा बाहेरून एकेक पट्टा भिजवत चालला, मी आत टॉर्च घेऊन. मागे सगळं कोरडं. पुढच्या टोकाला, वरच्या मार्कर लाइटपाशी, म्हणजे गाडीची कड दाखवणाऱ्या छोट्या दिव्यापाशी, पाइप पोचला आणि जरा वेळाने आतल्या प्लायच्या मागे टपटप सुरू! दिव्याची वायर आत शिरते तिथलं रबर तडकलेलं, पाणी पत्रा आणि प्लायच्या मधून खाली उतरायचं आणि खालच्या रेलमधून वाहत मागे यायचं, अन् तिथली निथळायची फट कुणा कारागिराने बाहेरून सिलिकॉनने बुजवलेली. फ्लोरमध्ये पेचकस घातला तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखा आत गेला.

रबर बदललं, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरला, फट मोकळी केली, कुजलेली प्लाय कापून नवी टाकली, अर्थिंगचा बोल्ट घासून चकचकीत करून ग्रीस लावलं. खरा वेळ गेला जुनं सिलिकॉन खरवडण्यात, त्याच्यावर ना सीलंट धरत ना रंग. काका बिल बघून म्हणाले, "खरवडायचेपण पैसे?" म्हटलं काका, ज्याने लावलं त्याच्याकडून घ्या.