कोजागिरी ते सवाई, आमच्या मंडळाचा सीझन

दसरा झाला की आमच्या सोसायटीत जिन्यात भेटेल तो एकच विचारायचा, यंदा कोजागिरीला दूध किती लिटर सांगायचं? तिथून जो सीझन सुरू व्हायचा तो डिसेंबरात सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, संपल्यावरच थांबायचा. मधले दोन-अडीच महिने नुसती गाणी, नाटक, प्रॅक्टिस आणि बाहेरचं जेवण. कोथरूडला आमची चार मजली बिल्डिंग, मंडळ म्हणजे तिथलीच वीस-बावीस घरं. मी लग्न होऊन आले १९९२ ला, त्यामुळे माझ्या आठवणी तिथून पुढच्या.

कोजागिरी गच्चीवर व्हायची. मसाला दूध, भेळ, भेंड्या, बारा वाजता पातेल्यात चंद्र बघायचा आणि मग दूध वाटायचं. दिवाळीत पाडव्याच्या पहाटे आमच्यातले हौशी लोक खाली पार्किंगमध्येच गायला बसायचे, तरुण मंडळी मात्र अंघोळी उरकून अंधारात सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जाऊन यायची, आणि परत आली की सगळ्यांच्या घरचा फराळ एकाच सतरंजीवर. कुणाची चकली कडक झाली, कुणाच्या अनारशाला जाळी छान पडली, यावर गाण्यापेक्षा जास्त चर्चा व्हायची.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो नाटकाचा रविवार. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मंडळाची वर्गणी काढून बालगंधर्वला साडेपाचच्या प्रयोगाची तीस-पस्तीस तिकिटं काढायची आणि त्याआधी दुपारी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं असा ठराव पहिल्यांदा झाला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, मी नाटकाला येईन, जेवायला नाही. त्यांचं सगळं आयुष्य शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलेलं, तोपर्यंत हॉटेलात बसून जेवल्याच नव्हत्या. पासष्टीच्या असतील तेव्हा. मी आणि माझ्या जाऊबाई दोन दिवस त्यांच्या मागं लागलो, शेवटी म्हणाल्या बरं, पण मी फक्त ताक घेईन.

टिळक रोडवर दूर्वांकुरला नंबर लावून आम्ही बाहेर ताटकळत उभे, पोरं भुकेनं रडकुंडीला आलेली, आणि आजी आपल्या नऊवारीत पर्स घट्ट धरून खुर्चीवर बसलेल्या. आत गेल्यावर ताट आलं, वाट्या आल्या, वाढपी एकामागून एक येतायत, आणि आजींनी आधी सगळ्या ताटाकडं नुसतं बघितलं, मग अळूची भाजी चाखली आणि म्हणाल्या, "गूळ बरोबर पडलाय." मग पोळी घेतली, मग अजून एक, आणि शेवटी मसालेभात दोनदा. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांत मला कुणी ताटावर बसवून गरम पोळी वाढली नव्हती, माझी पोळी नेहमी शेवटची." मला तेव्हा काय बोलावं कळलंच नाही, मी त्यांचा हात धरून रस्ता क्रॉस केला. त्यानंतर दरवर्षी त्या ताटाची वाट आजीच आमच्याआधी बघायच्या.

आणि त्याच आजी संध्याकाळी बालगंधर्वमध्ये शिरल्या की वेगळ्याच व्हायच्या. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्यांनी खुद्द बालगंधर्वांना स्टेजवर बघितलेलं. आत गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची तैलचित्रं आहेत, एकात स्त्रीवेषात आणि एकात ते स्वतः, त्यांच्याकडं त्या बघतच राहायच्या आणि घंटा झाली तरी नजर हलायची नाही. त्यांच्याकडूनच मला कळलं की या नाट्यगृहाचं भूमिपूजन १९६२ ला बालगंधर्वांच्याच हस्ते झालं, पण ते १९६७ ला गेले आणि उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, म्हणजे त्यांच्या वाढदिवशी, ते बघायला तेच नव्हते. हे सांगताना दरवर्षी त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मग इंटरव्हलला गरम बटाटेवडा, तो नाही खाल्ला तर नाटक बघितल्यासारखं वाटत नाही हे आमच्याकडं लहान पोरांनाही माहीत होतं. नाटक सुटल्यावर कुणीतरी मस्तानीचं नाव काढायचंच, की निघाली सगळी वरात सदाशिव पेठेत सुजाताला. नोव्हेंबरच्या थंडीत आंब्याची मस्तानी पिऊन पोरं दुसऱ्या दिवशी खोकायची, तरी पुढच्या वर्षी परत तेच.

डिसेंबरात आमचं गॅदरिंग. पोरांच्या शाळांची गॅदरिंगं पण त्याच सुमारास, त्यामुळे घरात कुणाच्या तरी मिशा, कुणाचा तरी मुकुट आणि सेफ्टी पिनांचा डबा कायम बाहेर. स्टेज म्हणजे पार्किंगमध्ये जोडलेले सहा पलंग, मागं चादरींचा पडदा. एका वर्षी पोरांचं शिवाजी महाराजांचं नाटक ऐन रंगात आलेलं आणि लाईट गेली. एकदम अंधार, मावळे रडायच्या बेतात. आमच्या खजिनदार काकांनी गेटजवळ जाऊन स्कूटर चालू केली आणि हेडलाईट स्टेजवर मारला, मग अजून दोघांनी केलं, पण इंजिनांच्या आवाजात पोरांचे संवाद ऐकू येईनात, म्हणून एकच स्कूटर ठेवली, ती पण ढकलत पार रस्त्यापर्यंत लांब नेली. त्या एका पिवळ्या उजेडात पोरांनी उरलेला प्रवेश केला, आणि मागच्या भिंतीवर त्यांच्या सावल्या एवढ्या मोठ्या पडल्या होत्या की खरेच गड चढून आल्यासारखे दिसत होते. इतकं सुंदर नाटक मी नंतर कुठल्याच थिएटरात बघितलं नाही. त्या रात्री पावभाजी बाहेरून मागवलेली, ती मेणबत्तीवर खाल्ली.

आणि मग सवाई. भीमसेनजींनी १९५३ ला गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी सुरू केलेला हा महोत्सव पुण्यात राहणाऱ्याला वेगळा सांगायची गरज नाही. तेव्हा रमणबागेच्या ग्राउंडवर व्हायचा आणि रात्रभर चालायचा, दहाची वेळेची मर्यादा वगैरे नंतर आली. आमचं मंडळ भारतीय बैठकीवाल्यांचं. संध्याकाळी लवकर जाऊन जागा धरायची, मंडळाचीच सतरंजी, शाली, स्वेटर, कानटोप्या, थर्मासमध्ये कॉफी, डब्यात पराठे आणि लसणाची चटणी. डबा असला तरी मध्यरात्री स्टॉलवरचं काहीतरी गरम हवंच, दोन गाण्यांच्या मधे एकेक जण उठून जायचा आणि येताना चौघांचं घेऊन यायचा. पोरं आमच्या मांडीवर झोपायची. मला तेव्हा रागातलं काही कळायचं नाही, आजी कानात सांगायच्या, आता बघ हा निषाद कसा लावतोय, आणि मग समेवर अख्खं मैदान एकदम हां म्हणायचं तेव्हा अंगावर काटा यायचा. जे काही थोडंफार गाणं मला आज कळतं ते त्या सतरंजीवर कळलेलं आहे.

शेवटी सवाई गंधर्वांची रेकॉर्ड लागायची. एवढा हजारोंचा जमाव, पण कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही. मग सतरंजी झटकून, घडी घालून बाहेर पडायचं, अंग आंबलेलं, डोळे लाल, आणि नारायण पेठेत बेडेकरांकडं मिसळीसाठी रांगेत उभं राहायचं. तिथली मिसळ जरा गोडसर, सोबत पाव नाही तर ब्रेडच्या स्लाइस, आणि त्या जागरणानंतर ती जी काय लागायची! आजी तिखट खायच्या नाहीत, तरी रश्शात ब्रेड बुडवून अर्धी प्लेट संपवायच्या आणि भैरवी कशी झाली ते परत पहिल्यापासून सांगायच्या.

भीमसेनजी २०११ ला गेले. नंतर बरीच वर्षं समारोप प्रभाताई अत्र्यांच्या गाण्यानं व्हायचा, जानेवारी २०२४ मध्ये त्याही गेल्या. महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो, आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, निम्मी घरं बाणेर-बावधनला. आजी जाऊन तर पंधरा वर्षं होतील. पण मंडळ चालू आहे, ग्रुपवर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुधाचा मेसेज पडतोच, आणि पलंगांच्या स्टेजवर मावळा झालेला माझा मुलगा आता स्वतःच्या लेकीला घेऊन येतो.

यंदा पण नाटकाच्या रविवारी आम्ही अठ्ठावीस जण जेवायला गेलो. माझ्या सूनबाई सगळ्यांना वाढून झालं का बघत उभ्याच होत्या, मी म्हटलं अगं बस आधी, गरम आहे तोवर खा, आणि वाढप्याला हाक मारून पहिली पोळी तिच्या ताटात वाढायला सांगितली.