नडीच्या पैशावरचा बीथोव्हन

जर्मनीतल्या बॉनला मी गेलो तो तिथे जन्मलेल्या संगीतकार बीथोव्हनसाठी नव्हे, भंगारासाठी. उन्हाळ्यात महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ऱ्हाइनकाठच्या मोठ्या बागेत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आणि भाची कोलोनला नोकरीला आहे. मला एवढं निमित्त पुरलं. बॉन स्टेशनहून ६६ नंबरची ट्राम पकडली आणि गर्दीच्या मागोमाग उतरलो.

बाजार कसला, जत्राच. कपबशा, सायकलचे दिवे, कुणाच्या तरी आजोबांची पदकं. तासाभराने एका आजीबाईंच्या टेबलावर सिगारचा लाकडी डबा दिसला. आत नाणी. असा डबा दिसला की मला दुसरं काही दिसत नाही. ढवळत ढवळत तळाशी गेलो, तर एक काळपट नाणं हाताला लागलं, कडेला तांबूस गंज धरलेलं. अंगठ्याने घासलं. चेहरा पुसट होता, पण ते केस! खाली १७७० आणि १९२०. उलटं केलं तर बॉन शहराचं नाव आणि ५० फेनिग, म्हणजे अर्धा मार्क.

भाचीने नाक मुरडलं. "मामा, पैसा कधी असा गंजतो का? खोटं असणार." मी तिचीच पर्स मागितली. झाकणाला चुंबकाचं बटण होतं, नाणं जवळ नेताच टक्‌कन चिकटलं. अस्सल लोखंड. आणि लोखंडाचं होतं म्हणूनच ते खरं होतं.

याला नोटगेल्ड म्हणतात. यातल्या 'नोट'चा आपल्या नोटेशी संबंध नाही. जर्मनमध्ये नोट म्हणजे नड, अडचण. हा नडीचा पैसा. पहिल्या महायुद्धात तांबं आणि निकेल दारूगोळ्याकडे वळलं, चांदी लोकांनी घरात दडवली, आणि बाजारातून चिल्लर गायब झाली. पाव घ्यायचा तर सुटे नाहीत, ट्रामचं तिकीट काढायचं तर सुटे नाहीत. आपल्याकडे दुकानदार अशा वेळी हातावर चॉकलेट ठेवतो. तिथे गावोगावच्या नगरपालिकांनी, कारखान्यांनीसुद्धा, लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम, कागद, मिळेल त्याचा पैसा काढला. माइसनमध्ये तर चिनीमातीची नाणी भाजली. मुळात हा पैसा आपापल्या गावापुरता. शेजारच्या गावात तो कुणी घेईलच असं नाही.

युद्ध संपलं तरी चिल्लर काही लगेच परतली नाही. बीथोव्हनच्या जन्माला १९२० साली दीडशे वर्षं झाली, तेव्हा बॉनने आपला सुपुत्र या लोखंडावर उठवला. हरलेला देश, ऱ्हाइनकाठी परकी फौज, आणि शहर म्हणतं आहे, आमच्याकडे सुटे नसतील, बीथोव्हन आहे. मला हा तोरा आवडला. त्यात थोडा व्यवहारही असेल, असं माझं आपलं मत. लोकांनी हौसेने जपून ठेवलेलं नाणं वटवायला कुणी येत नाही, तेवढे पैसे काढणाऱ्याच्या गाठीला. पुढे निघालेल्या रंगीत कागदी नोटगेल्डच्या मालिका तर बहुतांशी संग्राहकांसाठीच होत्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. तिथे अर्ध्या मार्काचं हे नाणं कुणी वाकून उचललंही नसतं.

आजीबाईंनी तीन युरो सांगितले. मी घासाघीस केली नाही, भाचीला तेच जास्त आश्चर्याचं वाटलं.

दुपारी शहरात गेलो. म्युन्स्टरप्लाट्झवर बीथोव्हनचा पुतळा आहे, १८४५ चा. निधी जमेना तेव्हा संगीतकार लिस्टने पदरचे पैसे घातले. अनावरणाला राणी व्हिक्टोरिया आणि प्रशियाचा राजा चौकातल्या एका वाड्याच्या सज्जात येऊन बसले. पडदा सरकला, तर बीथोव्हनची त्यांच्याकडे पाठ! राजेरजवाड्यांपुढे न वाकणारा म्हणून त्याची ख्याती, त्यामुळे बॉनकरांना ही गोष्ट फारच प्रिय.

बॉनगासे या गल्लीतलं बीथोव्हनचं जन्मघर पाडलं जाणार होतं. १८८९ मध्ये गावातल्या बारा जणांनी संस्था काढून ते विकत घेतलं. जिने अरुंद, छत बुटकं. एका कपाटात त्याचे पितळी कर्णे आहेत, ऐकू येईना तेव्हा कानाला लावायचे ते. मी तिथेच सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. भाची खालच्या दुकानात सोनेरी रंगाची बीथोव्हनची स्मृतिचिन्हं बघत होती. मी आपलं खिशातलं नाणं चाचपलं.

तिथेच घोटाळा झाला. सकाळच्या भुरभुर पावसात जॅकेट ओलं झालं होतं. संध्याकाळी नाणं काढलं, तर त्याला गुंडाळलेल्या ट्रामच्या तिकिटावर तांबूस गोल उमटलेला.

आता ते ठाण्याला माझ्या डब्यात आहे, भोकाच्या पैशाशेजारी. तोही युद्धाचाच, १९४३ मध्ये तांबं वाचवायला सरकारने पैशाला मधोमध भोक पाडलं. आईने त्यात दोरा ओवून तो माझ्या कमरेला बांधला होता म्हणे. तांब्याच्या त्या पैशाला ठाण्याच्या हवेने काही झालं नाही. बीथोव्हनची मात्र काळजी. शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवला आहे, औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी शेजारी ठेवली आहे, आणि जून लागला की दर रविवारी झाकण उघडून बघतो.